दीड वाजता दार लावल्यावर: पबमधलं गिऱ्हाईक सुखरूप घरी पोचवण्याची आमची पद्धत

2009 साली मी कराडहून पुण्यात आलो आणि कोरेगाव पार्कातल्या एका हॉटेलच्या दारात गाड्या लावायला लागलो. माझ्या ताब्यात साठ खिळ्यांचा एक लाकडी बोर्ड होता. प्रत्येक खिळ्यावर एक चावी. आज मुंढव्यात सव्वाशे खुर्च्यांच्या एका पबचा मॅनेजर आहे, इस्त्रीचा शर्ट घालतो, तरी रात्री अकरा वाजले की माझी पहिली नजर गल्ल्याकडे जात नाही, चाव्यांच्या बोर्डाकडे जाते. जितक्या चाव्या टांगलेल्या, तितकी माणसं आत पीत बसली आहेत आणि थोड्या वेळानं स्टिअरिंग मागणार आहेत.

परमिट रूम, बार, पब, लग्नाची कॉकटेल पार्टी, यांतलं काहीही चालवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मी सांगतो ते पुण्याचं आहे. बाकी शहरांत रस्ते आणि वेळा बदलतील, पिणारा माणूस बदलत नाही.

सगळ्यात मोठी चूक आम्हीच कितीतरी वर्षं केली. गिऱ्हाईक निघताना, दीड वाजता, दारात उभं राहून आम्ही विचारायचो, "सर, गाडी चालवता येईल ना?" या प्रश्नाला आजवर एकाही माणसानं "नाही" म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. रात्री नऊला जो माणूस शहाणा असतो, तोच दीडला मोहिमेवर निघालेला सरदार असतो. म्हणून घरी कसं जायचं हे पहिल्या पेगच्या आधी ठरलं पाहिजे. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

चावी घेतानाचा एक प्रश्न

दारात गाडी घेऊन लावणारा आमचा व्हॅलेवाला मुलगा चावी घेताना एकच प्रश्न विचारतो: "सर, परत जाताना गाडी कोण चालवणार?" "तुम्ही पिणार आहात का?" असं विचारायचं नाही, त्यात चौकशीचा वास येतो. कोण चालवणार, हे विचारलं की माणूस मागं वळून मित्रांकडे बघतो, आणि बऱ्याचदा त्या क्षणी त्यांना पहिल्यांदाच कळतं की आपण हे ठरवलेलंच नाही.

आमच्याकडे दोन रंगांची टोकनं आहेत. ग्रुपमध्ये कुणी न पिणारा असेल तर पांढरं, नसेल तर लाल. लाल टोकनाची चावी बोर्डाच्या खालच्या दोन ओळींत जाते. टोकनाबरोबर एक छोटं कार्ड देतो: गाडी रात्रभर इथेच ठेवता येईल, पार्किंगचे पैसे नाहीत, सकाळी अकरानंतर न्या, ड्रायव्हर हवा असेल तर बारा वाजेपर्यंत सांगा, दर असा असा. हा दर छापलेला असणं फार महत्त्वाचं. रात्री दीड वाजता सांगितलेला कुठलाही आकडा गिऱ्हाइकाला लूट वाटते.

न पिणाऱ्याच्या मनगटावर हिरवी पट्टी बांधतो. त्याला लिंबू सोडा, मॉकटेल, कॉफी, जे हवं ते रात्रभर फुकट. सुरुवातीला मालक म्हणाले, अरे धंदा करतोयस की पाणपोई घातलीयस? मी म्हटलं, साहेब, सोड्याचा खर्च काढा आणि एका रिकाम्या टेबलाचा काढा. पुन्हा विचारलं नाही. पहिल्या महिन्यात पट्टीवाल्यांनी लबाडी केली हेही सांगितलं पाहिजे. मित्र टेबलाखालून ग्लास सरकवायचे. आता कॅप्टनला सांगून ठेवलंय: पट्टीवाल्या हातात ग्लास दिसला तर गाजावाजा न करता जायचं, "सर, पट्टी काढू का?" म्हणायचं, आणि बोर्डावरचं टोकन बदलायचं.

आता दुचाकी. पुण्यात बसून फक्त चारचाकीचं बोलणं म्हणजे पावसाळ्यात छत्री घरी ठेवून चिखलाचं बोलण्यासारखं आहे. दुचाकीवाला व्हॅलेकडे येतच नाही. गल्लीत कुठेतरी गाडी लावतो, चावी खिशात ठेवतो, आणि जाताना कुणाला दिसतही नाही. यावर आम्हाला दोन वर्षं उपाय सापडला नाही. मग आमच्याच एका स्टुअर्डनं सुचवलं: हेल्मेट ठेवायला कपाट करा. टेबलावर हेल्मेट ठेवायला जागा नसते, लोक आनंदानं देतात. हेल्मेट घेताना तोच प्रश्न, तीच दोन रंगांची टोकनं. परत देताना समोरासमोर अर्धा मिनिट मिळतं. जो हेल्मेटच आणत नाही तो यातूनही निसटतो, हे खरं. त्याच्यावर दारातला बाउन्सर लक्ष ठेवतो.

किती प्याला म्हणजे किती

कायद्यातला आकडा स्टाफला तोंडपाठ पाहिजे. मोटार वाहन कायद्याचं कलम 185: 100 मिलि रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गुन्हा. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा 15,000 दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. नाकाबंदीत नळीत फुंकायला लावतात तेव्हा हेच मोजलं जातं.

पण गिऱ्हाईक मिलिग्रॅममध्ये पीत नाही, म्हणून मी पोरांना पेगमध्ये शिकवतो. आपल्याकडची व्हिस्की 42.8 टक्क्यांची. तीस मिलिचा एक स्मॉल म्हणजे सुमारे दहा ग्रॅम अल्कोहोल. एक लार्ज, म्हणजे दोन स्मॉल, वीस ग्रॅम. सत्तर किलोचा पुरुष उपाशीपोटी एक लार्ज भरभर प्यायला तरी तीस मिलिग्रॅमची रेषा ओलांडू शकतो. बाईचं वजन कमी, अंगातलं पाणीही कमी, तिचा आकडा आणखी वर. आणि "मी काय, फक्त बिअर घेतली" म्हणणाऱ्यासाठी: 650 मिलिची आठ टक्क्यांची एक स्ट्राँग बाटली म्हणजे जवळपास चार स्मॉल. हे ऐकून आमचा दहा वर्षं जुना बारमनसुद्धा चाट पडला होता.

शरीर हे उतरवतं ते आपल्याच चालीनं. एक स्मॉल उतरायला तास-सव्वा तास धरा. काळी कॉफी, ताक, तोंडावर पाणी, पानाच्या टपरीवरचं मसाला पान, यांनी झोप उडते, वास झाकतो, आकडा हलत नाही. सहा स्मॉल पिऊन एक वाजता थांबलेला माणूस सकाळी सातलाही गाडी चालवायच्या लायकीचा असेलच असं नाही. आम्ही ठेवलेली गाडी अकराच्या आधी देत नाही, त्याचं कारण हेच.

वयाचं थोडक्यात. महाराष्ट्रात बिअर-वाइनला 21, बाकी दारूला 25. ओळखपत्र दारातच बघायचं, टेबलावर नाही. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलानं चालवलेल्या पोर्शे गाडीनं दोन तरुण इंजिनीअरांचा जीव घेतला. आमच्या पबपासून ती जागा लांब नाही. त्यानंतर तो आधी जिथे बसला होता तिथल्या मालक-मॅनेजरांनाही अटक झाली. त्या आठवड्यात आमच्या भागातल्या प्रत्येक मॅनेजरनं आपला सीसीटीव्ही दहा वेळा मागं नेऊन बघितला असेल. मीही बघितला. आपल्या दारातून काय काय निसटतं ते तेव्हा कळलं.

एकाच वेळी सगळे बाहेर: खरी गोची

पुण्यात दीडला बंद. म्हणजे मुंढवा, कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, सगळीकडचे लोक एकाच पंधरा मिनिटांत रस्त्यावर. सगळे एकाच वेळी ॲप उघडतात, भाडं दुप्पट-तिप्पट दिसतं, ड्रायव्हर "कहाँ जाना है?" विचारून रद्द करतो, वीस मिनिटं जातात, आणि मग लाल टोकनवाला म्हणतो, "मरू दे, आणा माझी गाडी." चांगल्या इराद्याचा माणूसही या वीस मिनिटांत हातचा जातो. मेट्रो तोवर कधीच बंद झालेली असते. पीएमपीच्या रातराणी बसेस ठरावीक मार्गांवरच आहेत; कात्रज, स्वारगेट, हडपसरकडे जाणाऱ्याला उपयोगी पडतात, पण आधी त्या मार्गापर्यंत पोचायला पाहिजे.

म्हणून दीडची गर्दी आम्ही बारा-चाळीसपासून पातळ करायला लागतो. पावणेएकला लास्ट ऑर्डर. डीजेला आधीच सांगितलेलं असतं, एक वाजता आवाज एक पायरी खाली, सव्वाला दिवे. बिल एक वाजल्यापासून टेबलावर. आणि किचन साडेबाराला गॅस बंद करत नाही. दालखिचडी आणि टोमॅटो सूप, एवढे दोनच पदार्थ दीडपर्यंत. खिचडीनं दारू उतरत नाही, पण गरम ताट समोर असलं की माणूस गाडी येईपर्यंत शांत बसतो.

बुकिंग आम्ही करतो. दारापाशी होस्टच्या टेबलावर पबचा स्वतःचा फोन असतो, त्यावर दोन-तीन ॲप. बारा-चाळीसला होस्ट लाल टोकनवाल्या टेबलांवर फिरते: "सर, कोथरूड ना? आत्ता लावली तर मिळेल, दीडला मिळणार नाही." घाबरवायचं नाही, घड्याळ दाखवायचं. जे म्हणतात "अजून अर्धा तास", त्यांना ती अर्ध्या तासानं पुन्हा विचारते. बस्स.

गाड्या कुठून आणायच्या

आम्ही पहिल्यांदा थाटात बारा सीटांची ट्रॅव्हलर लावली होती. शुक्रवार-शनिवार, दोन फेऱ्या: एक विमाननगर-खराडी-वाघोलीकडे, दुसरी कोथरूड-बाणेर-वाकडकडे. सहा आठवड्यांत बंद केली. कारण सोपं होतं, आम्हालाच दिसलं नाही. प्यायलेला माणूस दुसऱ्यासाठी थांबत नाही. आठ जण बसलेत, चार यायचेत, तोवर दोन उतरून सिगारेट ओढायला गेलेत, एकाला लघवी लागलीय, एका जोडप्याचं भांडण सुरू आहे. वाकडच्या माणसाला सगळं कोथरूड फिरून जायचं नसतं. आणि एकदा एकानं आत ओकलं की त्या रात्रीपुरती गाडी बाद. ट्रॅव्हलर स्टाफसाठी उत्तम आहे, त्याचं पुढे सांगतो. गिऱ्हाइकासाठी लहान गाड्या घ्या.

आता शुक्रवार-शनिवार आम्ही दोन टॅक्सी रात्रीपुरत्या ठरवतो, आठ तास ऐंशी किलोमीटरच्या हिशेबानं, रात्री साडेनऊ ते साडेपाच. जवळचे लोक त्यांनी सोडायचे. लांबचे, म्हणजे हिंजवडी, वाकड, ॲपवर. उलटं करू नका. ठरवलेली गाडी एकदा हिंजवडीला गेली की दीड तास ती तुमची नाही. गाडीची नंबर प्लेट पिवळीच पाहिजे. मालकांचा एक नातेवाईक आपली पांढऱ्या प्लेटची गाडी स्वस्तात द्यायला निघाला होता. खासगी गाडी भाड्यानं चालवणं बेकायदा, आणि अपघात झाला तर विम्याची कंपनी हात वर करणार. मी नाही म्हटलं. घरगुती वाईटपणा घेतला.

रिक्षाची गोष्ट वेगळी आहे आणि माझ्या मते आमच्या सगळ्या व्यवस्थेतली ती सगळ्यात भरवशाची. ताडीगुत्ता चौकाच्या आसपास रात्री थांबणारे सात-आठ रिक्षावाले आहेत. वर्षानुवर्षं ते आमच्या दारात यायचे आणि आमचा बाउन्सर त्यांना हुसकावायचा. एक दिवस मी त्यांना चहाला बोलावलं. ठरलं ते असं: मीटरनं जायचं, रात्री बारा ते पाच या वेळेचं पंचवीस टक्के जादा भाडं नियमानं घ्यायचं, त्याच्या वर काही नाही. त्या बदल्यात त्यांना दारापाशी उभं राहायला हक्काची जागा, रात्रीचं जेवण, आणि लांबून रिकामं परतावं लागलं तर पबकडून वर पन्नास रुपये. प्रत्येकाचा बॅज, लायसन, परमिट यांची प्रत आमच्या फाइलीत. त्यांतले एक काका साठीचे आहेत. ते प्यायलेल्या माणसाला रिक्षात बसवण्याआधी त्याचा मोबाइल, पाकीट आणि चष्मा त्याच्याच खिशात आहे ना, हे त्याच्याकडूनच तपासून घेतात. "नंतर माझ्या नावानं बोंब नको." ही युक्ती मी सगळ्या ड्रायव्हरांना लावून टाकली.

गिऱ्हाइकाची गाडी, आपला ड्रायव्हर

गाडी सोडून जायला बरेच जण तयार होत नाहीत. त्यांच्यासाठी ड्रायव्हर. आमच्याकडे शनिवारी तीन असतात. यात जो प्रश्न कुणी आधी विचारात घेत नाही तो असा: साहेबांना वाकडला सोडून अडीच वाजता ड्रायव्हर परत कसा येणार? खरा खर्च तिथे आहे. आम्ही जोडी करतो. एक जण गाडी चालवतो, दुसरा मोटारसायकलवर मागून येतो आणि त्याला घेऊन परततो. यामुळे ड्रायव्हर कुणाच्या पार्किंगमध्ये अडकत नाही, आणि वाटेत काही झालं तर मागं आपला माणूस असतो.

चावी ड्रायव्हरच्या हातात देण्याआधी चार कामं. गाडीचे चारही बाजूंनी फोटो, बंपर जवळून. किलोमीटरचा आणि पेट्रोलचा काटा, एकाच फोटोत. लायसन गिऱ्हाइकाला दाखवायचं, मागितलं नसलं तरी. आणि पत्ता गिऱ्हाईक जागं असतानाच नकाशावर लावून घ्यायचा. ही शेवटची गोष्ट आम्ही एका रात्री शिकलो. साहेब मागच्या सीटवर झोपले, सोसायटीचं नाव माहीत होतं, पण त्या नावाच्या दोन सोसायट्या निघाल्या, एक बाणेरला, एक पाषाणला. पहाटे तीनला आमचा पोरगा वॉचमनला विचारत फिरला, "हे तुमच्याकडचे का?"

ड्रायव्हर निवडताना मी हुशारी बघत नाही. तो पीत नाही, गाणी लावत नाही आणि गप्पा मारत नाही, एवढं बघतो. आणि कितीही आग्रह झाला तरी वाटेत भुर्जीच्या गाडीवर थांबायचं नाही.

एकटी मुलगी

इथे मी कडक आहे. आमच्या स्टाफचं काम गिऱ्हाईक दाराबाहेर पडल्यावर संपत नाही, गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर संपतं. एकटी मुलगी निघाली की होस्ट किंवा महिला बाउन्सर बरोबर गाडीपर्यंत जाते. नंबर प्लेट ॲपवरच्या नंबराशी मोठ्यानं वाचून जुळवायची. ड्रायव्हरला "अमुक मॅडमसाठी का?" असं विचारायचं नाही, कुणीही हो म्हणेल. "कुणाला न्यायला आलात?" असं विचारायचं, नाव त्यानं सांगायचं. ओटीपी गाडीत बसल्यावर. ट्रिप घरच्या कुणाला तरी शेअर केली का, हे विचारायचं, पण हातातून फोन हिसकावून आपण करायचं नाही.

पोचल्याचा एक मेसेज पबच्या फोनवर मागतो. पबच्या फोनवर, हे अधोरेखित करतो. स्टाफमधल्या कुणाच्याही खासगी मोबाइलवर गिऱ्हाईक मुलीचा नंबर गेलेला मला चालत नाही, आणि दर सोमवारी ते नंबर पुसले जातात. सुरक्षेच्या नावाखाली नवा त्रास तिच्या मागं लागायला नको.

"माझ्याबरोबर आहे ती, मी सोडतो" म्हणणाऱ्या माणसाकडे नीट बघा. दोन वर्षांपूर्वी एका रात्री एक जण जवळजवळ उचलूनच एका मुलीला बाहेर नेत होता. कपडे चांगले, बोलणं गोड. महिला बाउन्सरनं फक्त विचारलं, "मॅडमचं आडनाव काय?" तो हसला, मग चिडला, मग फोन आला म्हणून बाजूला झाला आणि परत आलाच नाही. मुलीला आत बसवलं, पाणी दिलं, तिच्याच बोटानं फोन उघडून घेऊन रूममेटला लावला. ती रिक्षा करून आली, तोवर आमच्या दोन मुली शेजारी बसून राहिल्या. त्या रात्री स्टाफला जायला साडेतीन झाले. ओव्हरटाइम दिला.

जो माणूस गाडीत घालायचाच नाही

काही माणसांना टॅक्सीत कोंबून पाठवणं म्हणजे आपली जबाबदारी ड्रायव्हरच्या गळ्यात मारणं. हलवूनही जागा होत नाही, बेशुद्धीत ओकतो, श्वास फार मंद, म्हणजे मिनिटाला आठच्या खाली किंवा मधे दहा-दहा सेकंद थांबतो, अंग गार, ओठ निळसर: यांतलं काहीही दिसलं तर टॅक्सी नाही, 108. तोवर कुशीवर झोपवायचं, डोकं असं की ओकारी बाहेर पडेल, आणि एक माणूस हलायचं नाही असा शेजारी. "झोपू दे, उतरेल" हे वाक्य आमच्याकडे बंद आहे. पोटातली शेवटची दारू झोपेतही रक्तात चढतच असते.

जो ऐकतच नाही

आपण पोलीस नाही. चावी जप्त करायचा अधिकार आपल्याला नाही, आणि झटापट झाली तर उद्या तक्रार आपल्यावरच. पण व्हॅलेला गाडी "मागून काढायला" वेळ लागू शकतो. पंधरा मिनिटं लागतात कधी कधी. तेवढ्यात मी स्वतः जातो, एकटा. बाउन्सर मागं उभा केला की माणूस मर्दानगीवर जातो. मी बाजूला घेऊन, शक्यतो त्याच्या मित्रांपासून लांब, हळू आवाजात बोलतो. "सर, पुढे नाकाबंदी लागलीय" हे वाक्य जितकं काम करतं तितकं "तुमच्या जिवाला धोका आहे" करत नाही. जीव जाण्यावर प्यायलेल्याचा विश्वास नसतो, दहा हजारांवर असतो. मात्र नाकाबंदी खरंच लागलेली असेल तरच बोला, नाहीतर नेहमीचे लोक तुम्हाला ओळखून असतात.

त्यानंही नाही झालं तर त्याच्या ग्रुपमधल्या बाईकडे जातो. बायको, बहीण, ऑफिसातली मैत्रीण, जी असेल ती. "वहिनी, तुम्ही सांगा" म्हटल्यावर निम्म्या चाव्या वहिनींच्या पर्समध्ये जातात. आणि तरीही तो स्टिअरिंगवर बसलाच, तर गाडीचा नंबर आणि दिशा 112 ला कळवायची. आजवर मी हे तीनदा केलंय. त्यांतला एक जण पुन्हा आमच्याकडे आला नाही. दुसरा पुढच्याच महिन्यात आला आणि त्यानं लाल टोकन न विचारता उचललं. तिसऱ्याचं काही कळलं नाही.

खर्च कोण देणार

आमचा शनिवारचा खर्च, टॅक्सी, ड्रायव्हर, रिक्षाचं वरचं, सोडा-खिचडी धरून, नऊ हजारांच्या आसपास जातो. चांगल्या शनिवारी साडेतीन लाखांची विक्री असते, म्हणजे अडीच टक्के. ड्रायव्हरचे पैसे गिऱ्हाईक देतं, टॅक्सीचे निम्मे देतं, बाकी पब. सगळं फुकट करून बघितलं होतं, तेव्हा लोक टॅक्सी मागवून बसायचेच नाहीत. थोडे पैसे खिशातून गेले की माणूस वेळेवर उठतो. मंगळवार-बुधवार यांतलं काही लागत नाही, एक रिक्षावाले काका पुरतात.

नाताळ आणि 31 डिसेंबरला सरकार पहाटे पाचपर्यंत परवानगी देतं, त्या रात्रींचं गणित उलटं असतं. तेव्हा पाचला निघणाऱ्याची चिंता कमी, थोड्या वेळात बस सुरू होते. खरी गर्दी साडेबारा ते दोनमध्ये, "हॅपी न्यू इयर" झाल्यावर. त्या रात्री टॅक्सी महिनाभर आधी ठरवा, पैसे आगाऊ द्या. मुंबईतल्या माझ्या मित्रांना त्या रात्री रेल्वेच्या जादा लोकल मिळतात. एरवी त्यांचाही शेवटची लोकल ते पहाटे चारची पहिली, हा तीन तासांचा खड्डा असतोच.

आणि स्टाफ. गिऱ्हाईक घरी पोचवून आमचा वेटर तीन वाजता डोळे चोळत मोटारसायकलवर मांजरीला जाणार असेल तर हे सगळं नाटक झालं. ती बंद केलेली ट्रॅव्हलर आम्ही याच कामाला लावली: केशवनगर, मांजरी, हडपसर. साडेनऊनंतर काम करणाऱ्या महिलांना घराच्या दारापर्यंत वाहन देणं 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानं मालकावर बंधनकारकच आहे. आम्ही सगळ्यांनाच देतो. नियम एकच, मुलगी शेवटची उतरणार नाही. मार्ग लांब पडला तरी शेवटी पुरुष.

सकाळी

रात्री राहिलेल्या गाड्यांची यादी वहीत असते: नंबर, टोकन, फोटो, कुठल्या कोपऱ्यात लावली. दिवसाचा सिक्युरिटीवाला नऊला ती वही घेतो. अकराच्या आधी आलेल्याला चहा देऊन बसवतो, "मॅनेजर यायचेत" म्हणून. बहुतेक जण ओशाळलेले असतात, डोळे न मिळवता चावी घेतात. त्यांना रात्रीचं काही आठवून द्यायचं नाही, विनोद करायचा नाही, बरोबर आई-वडील किंवा बायको असेल तर अजिबातच नाही. सही घ्या, फोटो जुळवा, चावी द्या.

एक निळी हॅचबॅक मात्र आमच्याकडे नऊ दिवस राहिली होती. फोन लागेना. दहाव्या दिवशी गाडीचे मालक आले, म्हणाले, अहो मी समजत होतो चोरीला गेली, चौकीत तक्रार देऊन आलो. आता आम्ही गाडी ठेवून घेतली की तिचा फोटो, जागेचं नाव आणि वेळ त्या माणसाच्याच फोनवर पाठवतो, आणि एक चिठ्ठी त्याच्या शर्टाच्या वरच्या खिशात घालतो. फोनची बॅटरी संपते, चिठ्ठी सकाळी बायकोला सापडते.